गुलाबी पाणी

नहलाने भिंतीवरच्या पहिल्या चित्राला बोट लावलं आणि हात धुतले. दुसऱ्याला लावलं आणि खुर्चीवर बसली. तिसरं चित्र ताटलीचं, चौथं गुलाबी पाण्याच्या पेल्याचं. या क्रमात कुणी लुडबुड केली की जेवण बोंबललंच.

शंसुद्दीन दारापासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या घालत होता. दुबईहून येऊन अठरा दिवस झाले, परवा परतीचं विमान. सहा वर्षांच्या स्वमग्न लेकीने त्याच्या हातून अजून काही म्हणजे काही घेतलं नव्हतं. चॉकलेटं, बाहुली, सगळं जिथल्या तिथे पडून. बापाला ते लागणारच.

तिच्या आईला, सजीनाला, धास्ती वेगळीच. पोर गुलाबी सरबताशिवाय काही पीत नसे. चार दाढा किडल्या, भूल देऊन काढाव्या लागल्या. मग सजीनाने त्या सरबतात पतिमुखमचं, म्हणजे पाण्याला गुलाबी रंग देणारं लाकूड उकळलेलं पाणी मिसळायला घेतलं. रंग तोच, गोडी रोज जराशी कमी. तीन महिन्यांनी नुसतं पाणी उरलं. आता एक गोड घोट पोटात गेला की ये रे माझ्या मागल्या. त्या पेल्याला हात लावायचा नाही, असं तिने नवऱ्याला दहादा बजावलं होतं.

ती तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि उकडलेलं अंडं वाढायला वळली. मागे चमचा वाजला. वळून बघते तर पेला नहलाच्या हातात, आणि शेजारी साखरेचा डबा उघडा.

"साखर घातलीत?"

"परवा जातोय मी. एकदा तरी काही घेऊ दे माझ्या हातचं."

नहलाने घोट परत पेल्यात थुंकला. ती उठली. आता ही किंचाळणार, डोकं आपटणार म्हणून सजीना पुढे धावली. पण पोरीने पेला मोरीत ओतला आणि दोनदा विसळला. मग बापाच्या तोंडाकडे न बघताच त्याचं मनगट धरलं, त्याला ओढत ओट्यापाशी नेलं आणि त्याचा हात बिनसाखरेच्या गुलाबी पाण्याच्या किटलीवर ठेवला. वर स्वतःचा हात दाबून धरला.

शंसुद्दीन हललाच नाही.

"इक्का, ओता ना," सजीना नवऱ्याला म्हणाली.

"थांब जरा," तो हळूच म्हणाला. "ओतलं की हात सोडेल ती."