सर्वांत हलक्या पायऱ्या

पायरी हातातून निसटली. आधी फांदीवर आपटली, मग खोडावर, आणि वीस फूट खाली ओकच्या वाळक्या पानांत जाऊन पडली. ऑरिन हाल्वरसन वरून तिच्याकडे बघत राहिला. पडल्यावर ती किती कमी वाजते याची त्याने हिवाळ्यात चाचणी घेतली होती. निकाल उत्तम होता.

तो स्वतः पडणार नव्हता. झाडावर दबा धरून बसायचा शिकारीचा रुंद पट्टा त्याच्या बुडाखाली झोळीसारखा ताणलेला होता आणि पट्ट्याची दोरी खोडाला पक्की होती. पायांखाली दुसरी पायरी होती. तिच्याखाली मात्र थेट विस्कॉन्सिनची जमीन. बाकीचे लोक झाडाला पट्ट्याने आवळायच्या, छोट्या शिडीसारख्या चार सुट्या पायऱ्या पाठीवर नेतात. ऑरिनने वजन वाचवायला दोनच नेल्या होत्या. एकीवर उभं राहायचं, खालची सोडवायची आणि वर बांधायची. कागदावर हे फार सोपं दिसत होतं.

या पायऱ्या निवडायला त्याला डिसेंबर ते एप्रिल असे पाच महिने लागले होते. सात संच घरी आले. प्रत्येक संच बायकोच्या, म्हणजे मार्लिसच्या, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चढला, आणि ती पिठाची वाटी हातात धरून आपली पाळी कधी येते ते बघत राहिली. कुठल्या पायरीचा पट्टा थंडीत ताठरतो, कुठली खणकन वाजते, कुठलीवर बूट आडवा बसत नाही, हे ऑरिन तिला रोज ऐकवायचा. ती "हो का?" म्हणायची. जिंकलेल्या संचालाही त्याने ड्रिलने भोकं पाडून साडेतीन औंस उतरवले. या कष्टांवर रोज दोन-दोन दालचिनीचे पाव चालायचे. बर्फ वितळेपर्यंत ऑरिन स्वतः अकरा पौंडांनी वाढला, पण त्याला काट्यावर कोणी ठेवलं नव्हतं.

पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा त्याने घरी फोन लावला.

"पडलास?" मार्लिसने विचारलं.

"मी नाही. पायरी."

"थांब, बंबवाल्यांना बोलावते."

"वेड लागलंय का तुला? गॉर्डी आहे ना त्यांच्यात! दुपारच्या आत गावभर करील. तू गराजमधला एखादा संच घेऊन ये, बस."

"कुठला? इथे सहा लटकलेत."

प्रश्न साधाच होता, पण ऑरिनचा चेहरा उजळला. गेले कित्येक महिने हे त्याला कोणीच आपणहून विचारलं नव्हतं.

"हे बघ, दाराजवळचा नको, तो वाजतो. हिरवा हलका आहे, पण बांधायला वेळ खातो. काळ्याचं कसं आहे, मार्लिस, काळा कोरड्या हवेत उत्तम. पण आज दव पडलंय, म्हणजे पट्टा सरकणार. आता त्याच्या शेजारचा घेतलास तर..."

तो बोलत राहिला. सहाव्या मिनिटाला त्याचा डावा पाय आहे की नाही ते कळेनासं झालं. तरी चौथ्या संचाच्या बकलाबद्दल त्याचं अजून थोडं सांगायचं राहिलं होतं.

"ऑरिन," मार्लिस म्हणाली, "तुला खाली यायचंय की निवड करायचीय?"

खाली एक खार आली. तिने पडलेली पायरी हुंगली आणि ती निघून गेली.

"कुठलाही आण," तो म्हणाला. शिकारीच्या चाळीस वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले.

मार्लिस दिसण्याआधी ऐकू आली. मक्याच्या शेतापलीकडून खण, खण, खण. तिने पाठीवर लोखंडी पायऱ्या घातल्या होत्या. सगळ्या संचांत जड, पहिल्याच दिवशी बाद झालेल्या. कमरेला ऑरिनचा जुना पट्टा होता.

"तू फक्त पहिली बांध," तो वरून ओरडला, "आणि मी सांगतो तसं..."

ती थांबलीच नाही. पहिली पायरी बांधून तिच्यावर एकदा अंगाचा सगळा भार टाकून बघितला. बक्कल खोडाच्या कडेला घेतलं. दोरी वर सरकवली, चढली, दुसरी बांधली. त्रेसष्ट वर्षांची बाई, पण पंधरा-वीस मिनिटांत चौथी पायरी आवळून ती त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

"हे कुठे शिकलीस?"

"घरीच. पाच महिने रोज शिकवत होतास की."

ऑरिनने सुन्न पाय हळूच लोखंडावर टेकवला. पायरी जराही हलली नाही. हेही त्याच्या मनाला थोडं लागलं.

मार्लिसने मात्र खोडाला वळसा घातला, पलीकडच्या जाड फांदीवर पाय रोवले, दोरी बांधली आणि पट्ट्यात मागे रेलून बसली. दरीतलं धुकं वर येत होतं. मक्याच्या कडेला दोन हरिणी उभ्या होत्या. एवढा खणखणाट होऊनही त्या जागच्या हलल्या नव्हत्या. ऑरिनने ते पाहिलं आणि याविषयी काही बोलायचं नाही असं ठरवलं.

"चल," तो म्हणाला. "तू आधी उतर, मागून मी येतो."

"तू हो पुढे. मी बसते जरा."

"इथे? इथे काय करणार आहेस तू?"

मार्लिसने हरिणींवरची नजर काढली नाही.

"पाच महिने कान देऊन ऐकलं, ऑरिन," ती हळू आवाजात म्हणाली. "वाटायचं, आज तरी विचारशील, येतेस का."