अकरा अंडी

माझी वत्सला गेली त्याच्या चौथ्या दिवशी शेजारच्या द्वारकावहिनी खुराड्यात डोकावून ओरडल्या, "भावोजी, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला कुणी दाणा घातला की नाही?"

"गाभण शेळीसारखी जाऊन खाईल की," मी म्हटलं.

"शेळीचं पिल्लू पोटात असतं, ती कुठंही चरेल. हिची अंडी बाहेर आहेत. ती गार पडतील म्हणून ही उपाशी मरेल, पण उठायची नाही. वत्सला रोज उचलून खायला घालायची. चाळीस वर्षांत तुम्ही कधी बघितलंच नाही?"

मी नव्हतं बघितलं. ती अकरा अंडी वत्सलानेच कोंबडीखाली ठेवलेली. तिच्या हातचं घरात एवढंच जिवंत उरलं होतं. कोंबडीने टोचून हातातून रक्त काढलं, तरी मी तिला उचलून ज्वारीपाशी सोडलं आणि अंड्यांवर दोन्ही तळवे पसरले. अंडी अजून उबदार होती.

तेवढ्यात तळव्याखाली बारीक चिवचिव ऐकू आली. मी श्वास रोखून कान खाली नेला.

भराभर खाऊन कोंबडी परतली आणि जागेसाठी माझं मनगट टोचू लागली.

"थांब गं जरा," मी म्हणालो, "आत कुणीतरी बोलतंय."