मातीचा योशि

"वरची रेघ आखूड, खालची लांब. हं. आत्ता कुठे जमलं," म्हातारे योशिमुरा भिंग पडद्याला चिकटवून म्हणाले.

तोमोएनं सुस्कारा गिळला. योशिमुरांच्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या दुकानाची जुनी वेबसाइट नव्या नियमांत बसवायचं काम तिनं घेतलं, आणि सगळी गाडी एका अक्षरापाशी रुतली. जुन्या साइटवर दुकानाचं नाव म्हणजे नुसतं एक चित्र. मोबाइलवर फाटायचं, शोधणाऱ्याला सापडायचं नाही. नव्या रीतीत अक्षर हे अक्षरच हवं. पण यांच्या नावातल्या 'योशि'च्या डोक्यावर 'माती' हे अक्षर. बाकी सगळ्या जपानच्या योशिवर 'सामुराई'. फरक काय, तर कोणती रेघ लांब एवढाच. आधी पडद्यावर सामुराई आला, मग रिकामा चौकोन, मग माती आली ती शेजारच्या अक्षरांपुढे आजारी दिसणारी.

"आता शेवटचं, मालक. गिऱ्हाईक नाव टाइप करतं तेव्हा त्याच्या फोनवर सामुराईच उमटतो. तो मी पानाच्या पोटात, न दिसणाऱ्या ओळीत घालते. नाहीतर शोधणारा थेट नदीपलीकडच्या दुकानात पोचतो."

नदीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ. तोही मिसोच विकायचा. वेगळा झाला त्या दिवशी त्यानं पाटीवरची माती उतरवून सामुराई चढवला होता.

"त्याचं अक्षर माझ्या घरात?"

"दिसणार नाही ते."

"पोटातलं दुखणंही दिसत नाही, तोमोए-सान."

"बाबा," बरण्या पुसता पुसता सून चिगुसा म्हणाली, "मागणी अशीच काकांकडे जात राहिली, तर या हिवाळ्यात सोयाबीन शिजवायला घरातलं पातेलं पुरेल."

"मग पातेल्यात शिजव."

तोमोएनं लॅपटॉप पुढे ओढला. यंत्राला निदान चूक दाखवली की कळते. "त्यांनी तरी काय दिवे लावलेत बघू," म्हणत तिनं धाकट्याच्या साइटचं पोट उघडलं. वाचता वाचता ती थबकली. मग लॅपटॉप म्हाताऱ्यांपुढे सरकवला.

गिऱ्हाइकाला कधीच न दिसणाऱ्या त्या ओळीत मातीचा योशि बसला होता.

"चोर," म्हातारे म्हणाले.

चिगुसा बरणी ठेवून पडद्यापाशी आली. म्हातारे पडद्यापुढून हलेनात.

"मग मी घालू का त्यांचा सामुराई?" तोमोएनं विचारलं.

"रेघ मात्र चुकवली नाही त्यानं," ते म्हणाले. चष्मा काढून बाहीला पुसला. "घाला. पण त्याचीही चुकवू नका."