तांब्यावरचा डाग

छप्पन साली ग्वाल्हेरची राजधानी भोपाळला हलली, तसं बळवंतरावांच्या मुलाचं, दिगंबरचं सरकारी दफ्तरही निघालं. जायच्या सकाळी तो काळा कोट घालून खिडकीत बसला होता आणि बळवंतराव पितळी तांब्यात पडलेला त्याच खिडकीचा उजेड रंगवत होते. तांब्या रोज त्यांच्या पत्नी अनसूयाबाई घासायच्या. "नीट घास, डाग राहिला की चित्रात उतरतो," असं ते महिनाभर बजावत होते.

दिगंबरला स्टेशनवर सोडून ते परतले, तेव्हा अनसूयाबाई ओशाळून म्हणाल्या, "अहो, आज माझ्याकडून डाग राहिलाच. चित्रात, अगदी उजेडात, काळा ठिपका उतरला होता. रंग ओला होता, पदरानं साफ पुसून टाकला."

"बरं केलंस," बळवंतराव म्हणाले.



त्या ठिपक्याला ते नुकतेच भोपाळच्या गाडीत बसवून आले होते.