दर पाचवं घर

विद्याश्री चिमणाबाईंच्या दाराशी थांबली आणि म्हणाली, "हे पाचवं."

शशिधरनं मागं वळून गल्ली पाहिली. तो हातकणंगल्याचा, कॉलेजच्या पूर-पाहणीसाठी तिच्या गावात पहिल्यांदाच आलेला. "सहावं हाय की हे. मधलं सोडलंस."

मधलं. चौथं तिचं स्वतःचं घर, त्याला लागून ते. तिनं मुद्दाम सोडलं नव्हतं. वाटणी झाल्यापासून काकांच्या घराशी बोलणं बंद, पाणी बंद. घरातले सगळे त्या दारावरून जायचे ते तिथं मोकळी जागा असल्यासारखे. तिच्या डोळ्यांनाही तीच सवय.

ती म्हणाली, तिथं नको, चिमणाबाई चांगल्या बोलतात. शशिधर म्हणाला, मग सरांनी महिनाभर काय शिकवलं? घर आपण निवडायचं नाही, मोजणीत येईल ते घ्यायचं. मनाजोगतं निवडलं की पुढची सरासरी, टक्केवारी, सगळंच खोटं. बोलता बोलता त्यानं कडी वाजवलीसुद्धा.

काकूनं दार उघडलं. विद्याश्रीकडं पाहिलं, मग शशिधरकडं.

"या पावणं," म्हणाली. दोघांनाही.

विद्याश्रीनं प्रश्नावली शशिधरकडं सरकवली.

प्रश्न. घरात माणसं किती?

एक. पुराआधी दोन.

प्रश्न. पाणी कुठवर आलं होतं?

काकूनं बोट वर केलं. शशिधर आढ्याकडं बघू लागला. विद्याश्री जमिनीकडं.

प्रश्न. संकटात पहिली हाक कुणाला मारलीत? नातेवाईक. शेजारी. सरकारी यंत्रणा. कुणालाच नाही.

काकू पदराला हात पुसत राहिली. हात कोरडेच होते. मग तिनं सांगितलं. पाणी तेव्हा गुडघ्याएवढंच होतं. नवऱ्याला धाप लागलेली, चालवत नव्हतं. शेजारचा दीर ट्रॅक्टर काढून, घरची माणसं ट्रॉलीत बसवून निघालेला. तिनं खिडकीतून त्याला हाक मारली. तेवढं ह्यांना घेऊन जावा म्हणून.

हा दीर कोण, ते शशिधरला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, दीर नातेवाईकही आणि शेजारीही, पण दोन खुणा चालत नाहीत, नातेवाईकच धरू. त्यानं खूण केली आणि खालची ओळ वाचली.

प्रश्न. हाक त्यांच्यापर्यंत पोचली का? होय. नाही. माहीत नाही.

काकूनं विद्याश्रीकडं मान वळवली.

"मला काय म्हाईत?" ती म्हणाली. "तिला इचार. ट्रॉलीत बसलीती की ती."

शशिधरनं विद्याश्रीकडं पाहिलं. पेन कागदावर तसंच टेकलेलं.

पलीकडच्या घरातून विद्याश्रीची आई तिला जेवायला बोलवत होती. ओरडून नाही, रोजच्याच आवाजात. इथं शब्द न् शब्द ऐकू येत होता.