ठिपक्यांची सालं

काचेच्या भांड्यातलं दुधाळ पाणी गोल फिरत होतं आणि युन-शुआनची नजर तापमापकावर खिळली होती. भांड्याभोवतीच्या पाण्यात बर्फ हळूहळूच सोडायचा. घाई केली की तेलाच्या थेंबांवर धरणारी कवचं एकमेकांना चिकटून गोळा होणार. त्यामुळे आई डबा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली, तरी तिला उठता आलं नाही.

"जेव आधी. टोफू गार होतोय," आई म्हणाली आणि भांड्यात डोकावली. "हे काय, सोयादूध?"

"शाई आहे. तुझ्या पाटीतली."

आईची नजर अधू झाली होती. अक्षर हवं तेवढं मोठं करता येईल अशी विजेवर चालणारी वाचायची पाटी लेकीने तिला कबूल केली होती, रोजच्या पोथीसाठी.

युन-शुआनने आधी तयार झालेल्या कवचांची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आईने चष्मा कपाळावर चढवून डोळा लावला.

"माशाची अंडीच की गं."

युन-शुआनने काचेला वीज देणारं बटण दाबलं. प्रत्येक अंड्यातले काळे कण बुडाले, पांढरे वर आले.

"परत कर."

तिने परत केलं. आई तिसऱ्यांदाही तेच म्हणाली.

"आत तेल आणि रंग, कळलं. वरचं साल कशाचं?"

हा प्रश्न आज ना उद्या येणारच होता. आई मांस तर सोडाच, कांदा-लसूणही घरात येऊ देत नसे.

"झाडाचा डिंक," युन-शुआन म्हणाली. "आणि जिलेटिन."

"ते कशापासून?"

खोटं सांगता आलं असतं.

"डुकराच्या कातडीपासून."

आईने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. भांड्यातली ढवळायची दांडी घरघरत राहिली.

"दुसऱ्या कशाचं होत नाही?"

"माशाचं करून पाहिलं. ती सालं फुटतात."

"मासाही जीवच."

"आता शेवाळाचं करून बघणार आहे. पण जमेलच असं नाही, आई."

आईने पुन्हा डोळा लावला. चाचपडत बटण शोधलं आणि स्वतःच दाबलं. पांढरं. काळं. पांढरं.

"पोथी मी कागदावरच वाचीन, भिंग घेऊन," ती डोळा न काढता म्हणाली. "यात तलवारबाजीच्या कादंबऱ्या घालून दे. त्यात नाहीतरी पानोपानी माणसं मरतात."