आखाजीचा पितर

शालिग्रामनं उकंडरावांचे पाय परातीत धुतले, पुसले आणि हाताला धरून त्यांना पाटावर बसवलं. आज ते उकंडराव नव्हते. आज ते शालिग्रामचे वारलेले वडील, रामराव होते.

देऊळघाटात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, असंच चालायचं. मेलेल्या बापाच्या नावानं गावातला एखादा म्हातारा जेवायला बसवायचा. तो 'पोट भरलं' म्हणाला की वरचा बाप तृप्त झाला.

पुरणपोळी, आमरस, कुरडया, कढी. जिल्हा परिषद तेव्हा नवी नवी झाली होती. तिच्या अध्यक्षालाही असं ताट कोणी वाढलं नसतं. उकंडराव मात्र हळूहळू खात होते. बायको गोजरबाई गेली, शेत पोराच्या नावावर झालं, तेव्हापासून त्यांचा मुक्काम गोठ्यात होता. सगळ्यांची जेवणं झाली की सून आशाबाई उरलीसुरली भाकर पाठवायची. तीही उरली तर. म्हातारा ती पाण्यात बुडवून गिळायचा. पोरगा पंजाबराव याच पंगतीत, अगदी समोर बसला होता. तिसऱ्यांदा रस मागून घेत होता.

आणि ज्याच्या नावानं हे ताट होतं, त्या रामरावाचं तरी काय झालं होतं? शेवटच्या उन्हाळ्यात तो रोज दुपारी उकंडरावांच्या ओट्यावर येऊन बसायचा. मागायचा काही नाही. गोजरबाईच न विचारता त्याच्या पुढ्यात ताटली ठेवायची. सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण अशा वेळी गाव फार सभ्य असतं. कोणी शालिग्रामला एका शब्दानं बोललं नाही.

शालिग्रामनं हात जोडले. "बाबा, पोट भरलं ना?"

पंगत थांबली. उकंडरावांनी शालिग्रामकडे पाहिलंच नाही. ते आपल्या पोराकडे पाहत होते. आज वेडंवाकडं बोललो तर पुढच्या आखाजीला कोणी बोलावणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण पंजाबराव आपलं कान देऊन ऐकेल, असा दिवसही पुन्हा येणार नव्हता.

"आज भरलं, बापू," ते म्हणाले. "पन मी जित्ता होतो तवा काऊन नाही इचारलं?"

शालिग्रामचा चेहरा उतरला. तो तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. आतून बायका डोकावल्या. उकंडरावांना त्याची कीव आली. ज्याचा बापच गेला, तो आता काय करणार? पण पंजाबरावही मान खाली घालून बसला होता. त्याचा हात ताटात तसाच थांबला होता. ते पाहून म्हाताऱ्याला फार बरं वाटलं.

घरी जाताना पंजाबरावनं बापाचा हात धरला. कित्येक वर्षांत धरला नव्हता.

"बाबा, बरं सुनावलं तुमी शालिग्रामले. असा पोरगा कोनाच्याच पोटी येऊ नये."

मग अंगणातूनच त्यानं बायकोला हाक मारली, "अवं, बाबा दाबून जेवून आले. उद्या त्यायले भाकर पाठवू नोको."